सातासमुद्रापारची सोयरीक

*नगर जिल्ह्याच्या माळरानावर गेल्या शंभर वर्षांत इंग्रजांचे भांडवल आले, इटलीचे वाहन आले, जपानी तंत्र आले, फ्रेंच मालक आले. कुणाशी संसार जमला, कुणाशी काडीमोड झाला. त्या सोयरिकींची ही हकीकत.*

आपल्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या गाडीला 'टेम्पो' का म्हणतात, असा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे काय? बहुधा नसेल. घर बदलताना सामान टेम्पोतून जाते, गणपती टेम्पोतून येतो, लग्नाच्या आदल्या दिवशी आचाऱ्याची भांडीही टेम्पोतूनच उतरतात. इतका हा शब्द आपला झाला आहे. पण तो मूळचा ना मराठीतला, ना इंग्रजीतला. हँबुर्ग शहरातल्या 'विडाल आणि सोन' या जर्मन कारखान्याने आपल्या तीनचाकी मालगाडीला दिलेले ते नाव. नगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली त्या जर्मनांच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' कंपनी उभी केली, आणि ती गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावू लागली. पुढे हँबुर्गची ती कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या पोटात गेली. इकडची कंपनीही २००५ पासून 'फोर्स मोटर्स' झाली. जर्मन गेले, नाव गेले, शब्द मात्र राहिला, आणि आज कुणाच्याही कंपनीची छोटी मालगाडी आली तरी आपण म्हणतो, "टेम्पो आला."

परदेशाशी व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदर, जहाज, डॉलरचा भाव आणि विमानतळावरचे हारतुरे येतात. मला विचाराल तर हा सारा प्रकार सोयरिकीसारखा आहे. पत्रिका जुळते, देणेघेणे ठरते, याद्या होतात, सह्या होतात. पण घर चालते ते यादीवर नव्हे. सासरी चहा किती वाजता होतो, मोठ्यांसमोर कोण बोलते, 'बघू' म्हणजे होकार की नकार, हे यादीत कुठेच लिहिलेले नसते. आणि भांड्याला भांडे लागते ते नेमके तिथेच. जेवणखाण, पोशाख, रामराम आणि हस्तांदोलन यांतले फरक डोळ्यांना दिसतात, म्हणून ते आठवड्याभरात शिकताही येतात. न दिसणारे फरक तीनच. 'हो' या शब्दाचा अर्थ काय, साहेब म्हणजे कोण, आणि 'माझे' म्हणजे काय. हे तीन फरक ज्याला वेळीच उमगले त्याचा व्यापार टिकला.

या अभ्यासाला मुंबई सोडून नगरला कशाला जायचे, असे कुणी म्हणेल. अवर्षणाचा जिल्हा, ज्वारी-बाजरीचा मुलूख, शिर्डी आणि शनिशिंगणापूरची वाट. परंतु याच जिल्ह्याने (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर) इंग्रज, इटालियन, जपानी, डॅनिश आणि फ्रेंच असे पाच परींचे परके पाहुणे पाहिले आहेत. इतका अनुभव एका जिल्ह्याच्या गाठीला क्वचितच असतो.

खंडाचा कागद आणि काळी आई

पहिली सोयरीक इंग्रजांची, आणि तीच सर्वांत कडू.

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याआधीच कालव्यांची कामे होऊ लागली होती आणि श्रीरामपूर-राहुरीकडच्या कोरड्या शिवारात पाणी येणार हे दिसू लागले होते. पाणी आले म्हणजे ऊस आला. पण उसाला खत हवे, भांडवल हवे, वर्षभर थांबायची ताकद हवी. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या शेतकऱ्याकडे ती कुठून असणार? पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या काळात 'बेलापूर कंपनी' हरेगावला आली. तिचा कारभार मुंबईच्या ब्रेडी कंपनीच्या हातात होता. शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी वर्षांच्या कराराने खंडावर घेतल्या गेल्या आणि जिथे बाजरी डोलत होती तिथे नजर पोचेपर्यंत ऊस उभा राहिला. पुढे देशी भांडवलाच्या साखर कंपन्याही याच वाटेने गेल्या. जमीन देणाऱ्या त्या शेतकऱ्यांना 'खंडकरी' हे नाव पडले, आणि आजही त्यांच्या नातवंडांना तालुक्यात त्याच नावाने ओळखतात.

कंपनीच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. करार होता, मुदत होती, एकरी खंड ठरलेला होता. हिशेब चोख. शेतकऱ्याच्या मनात मात्र दुसरीच वही होती. त्याच्या लेखी जमीन म्हणजे आजोबांची समाधी, बांधावरचा म्हसोबा, पोरीच्या लग्नात सोयऱ्यांना सांगायची प्रतिष्ठा. खंडाने दिली म्हणजे विकली नव्हती. मुदत संपली की ती घरी यायची होती, जशी माहेरवाशीण येते.

ती घरी आली नाही. महाराष्ट्राने १९६१ साली शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा केला. उद्देश मोठ्या धारणा मोडण्याचा, चांगलाच. पण कंपन्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाच्या हाती आल्या. म्हणजे कागदावर ज्याचा ताबा होता त्याच्याकडून त्या घेतल्या, पण ज्याची ती काळी आई होती तो वाट पाहतच राहिला. खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या २०१२ नंतर. तोवर करारावर अंगठा उठवणारी पिढी तर गेलीच होती, त्यांची मुलेही थकली होती.

हा दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारणे सोपे आहे आणि चूक आहे. त्यांनी जो कायदा जाणला त्याप्रमाणे ते वागले. जमीन अडकली ती पुढे आपल्याच कायद्यात. पण एक गोष्ट या प्रकरणातून पक्की शिकावी. 'माझे' या शब्दाला दोन अर्थ असू शकतात, आणि करार लिहिताना एकच अर्थ लिहिला जातो. राहिलेला दुसरा अर्थ मरत नाही. तो तीन पिढ्यांनीही दारात येऊन उभा राहतो.

याच मातीतून त्याला दुसरे उत्तरही मिळाले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्याच मालकीचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. जमीनही आपली आणि धुराडेही आपले, हे त्याचे सूत्र होते. परक्या कारखान्याच्या शेजारी राहून शेतकरी नुसता चिडला नाही, शिकलाही.

इटलीची लेक, नगरचा संसार

दुसरी सोयरीक मात्र अशी गोड की तिची आठवण निघाली तरी चाळिशी ओलांडलेल्या माणसांचे चेहरे उजळतात. मी लूनाबद्दल बोलतो आहे.

इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९६७ साली 'चाओ' नावाची एक हलकी, पायडलची मोपेड काढली. चाओ म्हणजे इटालियन रामराम. एकट्याने बसावे, कॉलेजात जावे, संध्याकाळी कॉफी प्यायला चौकात जावे, असा तिचा थाट. हस्तिमल फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओचा परवाना घेऊन १९७२ साली तीच मोपेड नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात 'लूना' या नावाने तयार केली.

आता पाहा, इटलीतल्या आरेखकाने गृहीत धरले होते की एक वाहन म्हणजे एक माणूस. त्यात त्याचे काही चुकले नव्हते. त्याच्या गावात तसेच होते. आपल्याकडे मात्र एक वाहन म्हणजे एक कुटुंब! पुढे उभा मुलगा, मागे सौभाग्यवती, तिच्या मांडीवर धाकटी, हँडलला पिशवी. खेड्यात तर दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या आणि वर चाऱ्याची पेंढी. म्हणून लूनाला मागची बैठक आली, कॅरिअर आला, पुढे अधिक ताकदीच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या. शाळामास्तर, पोस्टमन, गवळी, नर्सबाई यांचे आयुष्य या एका लहानशा यंत्राने बदलले. इटलीची लेक नगरला नांदायला आली आणि दोन वर्षांत नऊवारी नेसायला शिकली म्हणा ना!

परदेशातून वस्तू आणणे म्हणजे नुसती वस्तू आणणे नव्हे. त्या वस्तूच्या पोटात तिकडच्या माणसाची एक समजूत दडलेली असते. कारखानदाराचे कसब असते ते ही समजूत उकलून बाहेर काढण्यात आणि तिथे आपली बसवण्यात. पियाजिओचे अभियंते हे काम करू शकले नसते. ते नगरमध्येच होऊ शकत होते, कारण किटल्या नगरच्या रस्त्यावर होत्या.

जपानी 'हाय' आणि आपले 'बघतो'

तिसरी सोयरीक मोठ्या घराण्याशी झाली. १९८४ साली किनेटिक आणि जपानची होंडा यांची भागीदारी ठरली. कारखाना नगरात नव्हे, मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला निघाला. पण सोयरीक करणारे घर नगरचे. त्या कारखान्यातून निघालेली किनेटिक होंडा ही गिअर नसलेली आणि बटणाने सुरू होणारी स्कूटर आपल्याकडे अपूर्वाई ठरली. तोवर स्कूटरला लाथ मारल्याशिवाय ती जागी होत नसे, आणि साडी नेसलेल्या बाईने भर रस्त्यात ती कसरत कशी करावी? बटण आले आणि कितीतरी घरांत गाडीची किल्ली बाईच्या पर्समध्ये गेली.

जपान्यांबरोबर काम करताना पहिला धक्का भाषेचा बसतो, आणि तोही इंग्रजी न येण्याचा नव्हे. जपानी माणूस तुमचे बोलणे ऐकताना मान हलवत 'हाय, हाय' म्हणत राहतो. 'हाय' म्हणजे हो. आपण खूष होतो, की मागणी मान्य झाली! प्रत्यक्षात त्या 'हाय'चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की 'तुमचे बोलणे माझ्या कानांवर येत आहे'. नकार द्यायचा झाला तर तो 'नाही' म्हणत नाही. दातांतून हळूच हवा आत ओढतो आणि म्हणतो, 'मुझुकाशी', म्हणजे 'कठीण आहे'. तिथे विषय संपला असे समजावे.

आता आपण हसण्याआधी जरा स्वतःकडे पाहू या. नगरी बोली मोठी रोखठोक म्हणून प्रसिद्ध आहे. पण तोच रोखठोक माणूस साहेबासमोर उभा राहिला की म्हणतो, "बघतो साहेब", "करून टाकू", "होऊन जाईल". यांतल्या 'बघतो'चा अर्थ 'होणार नाही', 'करून टाकू'चा अर्थ 'जमले तर', आणि 'होऊन जाईल'चा अर्थ 'ते देवाच्या हाती'. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळते. परक्याला कोण सांगणार? शिवाय आपण मान हलवतो तीही अशी, की जर्मन माणसाने तिचा अर्थ नकार असा घ्यावा आणि आपण होकार दिलेला असावा.

जर्मनाशी गाठ पडली तर एक सोय असते, तो सरळ 'नाही' म्हणतो. आपल्याला ते तोंडावर मारल्यासारखे वाटते, पण निदान कळते तरी. खरी पंचाईत जपानी आणि मराठी एकत्र बसले की होते. दोघेही भिडस्त, दोघांनाही 'नाही' म्हणणे अशिष्ट वाटते. बैठक हसतखेळत संपते, चहा होतो, आणि महिन्यानंतर लक्षात येते की दोघांनीही एकमेकांना नकार दिला होता!

यावर जपान्यांकडेच एक उपाय आहे, आणि तो आपल्या शेतकऱ्याला सहज समजेल असा आहे. त्याचे नाव 'नेमावाशी'. मूळ अर्थ बागकामातला. मोठे झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी लावायचे असेल तर ते एकदम उपटत नाहीत. आधी मुळांभोवती गोल खणतात, मुळे मोकळी करतात, नव्या मातीची सवय लावतात आणि मग हलवतात. कारखान्यात याचा अर्थ असा, की कुठलाही निर्णय बैठकीत पहिल्यांदा मांडायचा नसतो. आधी एकेकाला वेगळे भेटावे, त्याची शंका एकट्यात ऐकावी, चारचौघांत त्याला नकार द्यायची पाळी येऊ देऊ नये. बैठक ही नुसती सही करायची जागा. आपल्याला वाटते, जपानी निर्णयाला किती वेळ लावतात! त्यांना वाटते, हे लोक निर्णय झटकन घेतात आणि मग अमलात आणायला वर्ष लावतात. वेळ दोघांचाही जातो. ते आधी घालवतात, आपण नंतर.

होंडाच्या मंडळींचा आणखी एक नेम आहे. तीन 'गेन' म्हणतात त्याला. प्रत्यक्ष जागेवर जा, प्रत्यक्ष वस्तू हातात घ्या, प्रत्यक्ष वस्तुस्थिती पाहून बोला. त्यामुळे जपानी वरिष्ठ अधिकारी यंत्राखाली वाकून पाहतो, हाताला तेल लावून घेतो. आपल्याकडच्या साहेबाला हे हलकेपणाचे वाटते, आणि कामगाराला वाटते, 'साहेबाचा माझ्यावर विश्वास नाही की काय?' वास्तविक तो मान देण्याचाच एक प्रकार आहे. फक्त त्याची लिपी वेगळी.

आणि जिथे अंतर फार आहे असे वाटते तिथे कधी कधी नाते सापडते. खंडेनवमीला आपल्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूचे हार पडतात, हळदकुंकू वाहिले जाते, पेढे वाटले जातात. नवखा परदेशी व्यवस्थापक घड्याळ पाहत म्हणतो, काम का थांबले? जपानी मात्र कदाचित म्हणणार नाही. कारण त्यांच्याकडे 'हारी कुयो' नावाचा विधी आहे. वर्षभर शिवणकामात झिजलेल्या, मोडलेल्या सुया देवळात नेऊन मऊ टोफूत टोचून ठेवतात आणि त्यांचे आभार मानतात. अवजाराचे उपकार मानणारी दोन माणसे भाषा न कळताही एकमेकांना ओळखतात.

साहेब कुणाला म्हणायचे?

दुसरा न दिसणारा फरक साहेबपणाचा.

गीर्ट हॉफस्टेड नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरे गोळा करून मोठा अभ्यास केला. वरचा आणि खालचा यांच्यात किती अंतर असावे असे लोकांना स्वाभाविक वाटते, याचे त्याने गुण दिले. भारताला ७७, फ्रान्सला ६८, जपानला ५४, जर्मनीला ३५ आणि डेन्मार्कला अवघे १८! अर्थात हे सरासरीचे आकडे. त्यावरून एका माणसाची पत्रिका मांडू नये. पण ७७ च्या घरात वाढलेला मुलगा १८ च्या घरच्या साहेबाकडे नोकरीला गेला तर काय होईल, याची कल्पना येते. साहेब विचारील, "तुझे मत काय?" मुलगा मनात म्हणेल, 'माझी परीक्षा पाहतात!' आणि साहेबाचेच मत त्याला परत ऐकवील. साहेबाला वाटेल, या मुलाला स्वतःची बुद्धी नाही.

तरी डेन्मार्कच्याच दोघांनी भारतात केवढे घर उभे केले पाहा. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे कोपनहेगनच्या एका सिमेंट-यंत्रांच्या कंपनीतले तरुण. १९३८ साली मुंबईत त्यांनी स्वतःची पेढी काढली. सुरुवातीला डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकत. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल यायचा बंद झाला. परत जायला देश मोकळा नाही, विकायला माल नाही. तेव्हा त्यांनी इथल्याच कामगारांना हाताशी धरून दुरुस्तीचे आणि पुढे यंत्रे घडवण्याचे काम सुरू केले. 'लार्सन अँड टुब्रो'ची खरी मुळे धरली ती त्या अडचणीत. होल्क-लार्सन यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही उद्योगासाठी नव्हे, 'आंतरराष्ट्रीय सामंजस्या'साठी. २००३ साली त्यांचे देहावसान झाले तेही मुंबईत.

त्याच कंपनीचा विजेच्या स्विचगिअरचा कारखाना नगरच्या औद्योगिक वसाहतीत होता. मे २०१८ मध्ये कंपनीने हा सारा विद्युत व्यवसाय फ्रान्सच्या श्नायडर कंपनीला विकण्याचे जाहीर केले. व्यवहार १४,००० कोटी रुपयांचा, पूर्ण झाला ३१ ऑगस्ट २०२० ला. एका रात्रीत मालकी बदलली. यंत्रे तीच, बाके तीच, कँटीनमधला चहा तोच. पण ज्याने वीस वर्षे दारावरच्या एका पाटीखालून ये-जा केली, त्याला दुसऱ्या पाटीखालून आत जाताना काय वाटते, हे विक्रीच्या कागदात कधी लिहिलेले नसते. नव्या मालकाने ते जाणून घेतले, की निम्मी लढाई जिंकली.

वसुबारस आणि चीज

श्रीरामपूरजवळ प्रभात डेअरी १९९८ पासून दूध गोळा करीत आली. २०१९ साली तिचा दुधाचा व्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहाने आपल्या भारतातल्या तिरुमला कंपनीमार्फत घेतला. किंमत १,७०० कोटी रुपये. लॅक्टालिस म्हणजे १९३३ साली लावाल गावी एका चीज करणाऱ्याने सुरू केलेला आणि आज जगातला अग्रगण्य दूधधंदा.

फ्रेंचांना दूध कळते यात शंका नाही. पण आपले दूध निराळे. तिकडच्या गोठ्यात पन्नास-साठ गाई. इकडे एकेकाकडे दोन किंवा चार. तिकडे दूध हा माल. इकडे पहाटे केंद्रावर किटली घेऊन येणाऱ्या बाईसाठी तो पोराच्या शाळेच्या फीचा, किराण्याच्या उधारीचा आधार. फॅट आणि एसएनएफचा आकडा पॉइंटभर खाली आला की तिच्या घरातला आकडा खाली येतो.

मग चीजचे पाहा. दूध विरजून चीज करायला रेनेट लागते, आणि युरोपात ते परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. फ्रान्सच्या प्रसिद्ध रॉकफोर चीजला तर प्राणिज रेनेट वापरण्याचा नियमच आहे. आपल्याकडे वसुबारसेला ज्या गाईवासराची पूजा करायची, त्याच वासराच्या पोटातल्या रसाने केलेले चीज कोण खाणार? म्हणून भारतात बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका येतो. मुलांच्या सँडविचमधला तो पातळ चौकोन संस्कृतीची एवढी मोठी तडजोड पोटात घेऊन बसला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आणखी एक बाब ऐन दिवाळीची. आपल्या सहकारी दूधसंघांत दिवाळीला दराचा फरक वाटायची रीत आहे. साखर कारखान्यात सभासदाला सणाची साखर मिळते. परदेशी हिशेबनीसाला हे कोडेच वाटावे. ठरलेला भाव दहा दिवसांनी चुकता केला, मग पुन्हा पैसे कशाचे? त्याचे गणित बिनचूक आहे. पण शेतकऱ्याच्या मनात भाव हा दुधाचा असतो, आणि फरक हा नात्याचा. वर्षभर मी तुला दूध घातले, आता सण आला, तू मला विचारलेस की नाही? ज्या कंपनीला हा प्रश्न ऐकू येतो तिच्या केंद्रावर टंचाईच्या उन्हाळ्यातही दूध येते. जिला येत नाही तिची किटली चार पैशांसाठी पलीकडच्या केंद्रावर जाते, आणि दोष शेतकऱ्याच्या बेइमानीला लागतो.

काडीमोड का होतो?

आता किनेटिक होंडाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. चौदा वर्षांनी, १९९८ साली, होंडाचा हिस्सा किनेटिकने विकत घेतला आणि दोघे वेगळे झाले. पुढच्याच वर्षी होंडाने भारतात स्वतःची स्वतंत्र कंपनी काढली आणि तिची 'ॲक्टिव्हा' घराघरांत गेली. किनेटिकचा दुचाकीचा धंदा २००८ साली महिंद्रांकडे गेला. हे एकाच घरात घडले असे नव्हे. टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये वेगळे झाले, हिरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये तसेच जाहीर केले.

लोक म्हणतात, स्वभाव जुळले नाहीत. पण स्वभावापेक्षा मोठे कारण कायद्याच्या पुस्तकात होते. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वये परदेशी कंपनीला साधारणपणे चाळीस टक्क्यांहून अधिक हिस्सा ठेवता येत नसे. म्हणजे भारतात यायचे तर भारतीय सोयरा हवाच. १९९१ नंतर दार उघडले. ज्याला घरात शिरायला सोयऱ्याची गरज होती, त्याला आता स्वतःची किल्ली मिळाली. दोन्ही बाजूंनी 'माझे' या शब्दाचा अर्थ तपासून पाहिला, आणि तो एक नव्हता. भारतीय घराण्याला वाटत होते, हे नाव, ही बाजारपेठ, ही माणसे आमची. परदेशी कंपनीला वाटत होते, हे तंत्र आमचे. दोघेही खरे बोलत होते. हरेगावच्या खंडकऱ्याचा प्रश्नच पुन्हा, फक्त जमिनीच्या जागी इंजिन.

म्हणून शहाणा व्यापारी सोयरीक करतानाच वेगळे व्हायचे कसे तेही लिहून ठेवतो. आपल्याला हे अभद्र वाटते. मंगलकार्यात असले बोलू नये! पण परस्परांचा मान राखून वेगळे होणे हीदेखील रीतच आहे, आणि ती आधी ठरलेली बरी.

पुणे-नगर रस्त्यावर पारनेर तालुक्यात सुपे आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी खास पट्टा राखलेला आहे आणि चीनच्या मिडिया कंपनीचा कारखानाही उभा आहे. पारनेर-श्रीगोंद्याची मुले तिथे कामाला जातात. इकडे पुण्या-मुंबईच्या आपल्या घरांतही रात्री जेवणे झाली, की मुलगा किंवा सून संगणक उघडून फ्रँकफुर्टच्या नाहीतर शिकागोच्या साहेबाशी बोलू लागते आणि आजोबांना टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो. हा विषय आता कारखानदारांचा राहिलेला नाही. तो आपल्या दिवाणखान्यात आला आहे.

अशा मुलामुलींना काटा-चमचा धरायला शिकवण्याची गरज नाही, ते त्यांना आपल्यापेक्षा बरे येते. त्यांनी 'बघतो' म्हणण्याऐवजी 'गुरुवारपर्यंत होईल' किंवा 'होणार नाही' असे स्पष्ट म्हणायला शिकावे, आणि समोरच्याचा 'हो' ऐकला की "म्हणजे नेमके काय करायचे ठरले?" असे न लाजता विचारावे. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट नंतरची मनस्तापाची पत्रे वाचतात.

पाहुण्यालाही तेवढेच सांगणे आहे. माळावर कारखान्याचे आरेखन पसरण्यापूर्वी एकदा बांधावरून चालून यावे, चहा घ्यावा, जमीन कुणाची होती ते विचारावे. नेमावाशी आणखी वेगळी काय असते? मुळांभोवती आधी हलक्या हाताने खणले, तर नगरच्या मुरमाड मातीतही परदेशी रोप धरते. इथल्या लोकांनी टेम्पो आपला करून दाखवला आहे.